पैठणला नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठी मासे खायचे तर काय मागवावं?

गोड्या पाण्यातलाच मासा मागवा: राहू, कटला, मरळ. सुरमई-पापलेट इथवर बर्फातून येतं, आणि १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा तर ते बहुतेक साठवणीतलंच.

मुलं किंवा वयस्कर सोबत असतील तर मरळच घ्या, काटे कमी. राहूत शेपटीकडे बारीक दुहेरी काटे फार. तुकडे पोटाकडचे मागा, तेही रश्श्यात नको, तळलेले. कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटानं दाबलेला खळगा लगेच भरून येतो, एवढं पाहूनच मासा निवडा. भाव कच्च्या वजनावर की साफ केल्यावर, हे आधीच विचारा. डोकं, खवले, आतडी गेली की वजन बरंच घटतं. चौघांना दीड किलोचा अख्खा मासा पुरतो. तळण पाच मिनिटांत आलं तर ते आधीच तळून ठेवलेलं समजा.

तलावाच्या माशाला कधीकधी मातकट वास येतो. चिंच किंवा लिंबू लावून मुरवलं की तो उतरतो, म्हणून तसं सांगाच. सोबत ज्वारीची गरम भाकरी. पैठण संभाजीनगरहून सुमारे ५० किमी आहे, दुपारीच पोचा. एकादशी आणि नाथषष्ठीचे (संत एकनाथांच्या यात्रेचे) दिवस मात्र टाळा.