रियाधला जाऊ का, असं विचारणाऱ्या चिपळूणच्या मुलीला

चिपळूणच्या एका नर्सने विचारलं आहे. रियाधच्या इस्पितळातली नोकरी पक्की होत आली आहे. आधी ती एकटी जाईल, मग नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. "आता तिकडे सगळं मोकळं झालंय म्हणतात, ते खरं का? आम्ही हिंदू आहोत, घरात देव ठेवले तर चालतात का? शिक्षांचं ऐकून सासूबाई घाबरल्यात. आणि एकटेपणा वाटतो का?" माझं माहेर खेडचं, म्हणजे शेजारच्याच तालुक्यातलं, आणि आमचा संसार रियाधमध्ये २००५ ते २०१९ झाला. तेव्हा तुला अगंतुगं करते, राग मानू नकोस.

डेटाफ्लोची कागदपत्रांची पडताळणी, प्रोमेट्रिकची परीक्षा, मेडिकल हे मी सांगत बसत नाही. तुझ्या एजंटला ते पाठ असतं. फक्त नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकदा ताडून बघ. आमचा निकाहनामा उर्दूत. त्याचं इंग्रजी भाषांतर, नोटरी, मंत्रालयाचा शिक्का, असं सगळं करून फाईल नेली, तर मुंबईतल्या एका खिडकीवरून परत. कारण काय, तर पासपोर्टवर नवऱ्याच्या नावात 'मोहम्मद' पूर्ण, आणि भाषांतर करणाऱ्याने सवयीने 'मोहद' करून टाकलेलं. पुन्हा भाषांतर, पुन्हा नोटरी, पुन्हा खेडहून रात्रीची गाडी. खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, हे दोन वेगळे गृहस्थ झाले." हे आठवलं की अजून डोकं तापतं.

आता मोकळं झाल्याचं. झालंय, खोटं नाही. मी गेले तेव्हा बाजारात मुतव्वे, म्हणजे धार्मिक पोलीस, फिरत. सत्कर्माचा प्रसार आणि दुराचाराला प्रतिबंध करणारी समिती, असं त्यांच्या खात्याचं लांबलचक नाव. लोक नुसतं 'हय्या' म्हणत. आखूड झगा, डोक्यावरच्या रुमालाला काळी दोरी नाही, आणि मोठी जीएमसी गाडी. अजान झाली की दुकानांची शटरं खाली. हातात दुधाची पिशवी घेऊन पैसे न देता बाहेर उभी राहिलेय मी. हॉटेलात कुटुंबांचा दरवाजा वेगळा, एकट्या पुरुषांचा वेगळा. फेब्रुवारीत चौदा तारखेच्या सुमारास फुलवाल्याकडे लाल गुलाब मिळत नसे.

एप्रिल २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने त्या खात्याचे हात बांधले. पाठलाग नाही, अटक नाही, ओळखपत्र मागायचं नाही, काही दिसलं तर पोलिसांना कळवायचं. २०१८ च्या एप्रिलमध्ये रियाधला चित्रपटगृह उघडलं, जूनमध्ये बायका गाडी चालवायला लागल्या. २०२० मध्ये न्यायाधीशाच्या अखत्यारीतल्या गुन्ह्यांसाठी फटक्यांऐवजी दंड किंवा तुरुंग आला. अबाया तर आता तुला सक्तीचा नाहीच.

पण जूनमध्ये बायकांच्या हाती किल्ल्या आल्या, त्याच्या आदल्याच महिन्यात, मे २०१८ मध्ये, गाडी चालवण्याचा हक्क ज्यांनी वर्षानुवर्षं मागितला होता त्यांतल्या काही बायकांना उचलून तुरुंगात टाकलं. आम्ही सगळ्यांनी बातमी वाचली आणि कुणीच कुणाशी त्याबद्दल बोललं नाही. देणारा देईल तेव्हा घ्यायचं, मागायचं नाही, हे सांगायला वेगळा कायदा लागत नाही. मार्च २०२२ मध्ये एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला. २०२४ मध्ये वर्षभरात तीनशेहून जास्त. म्हणजे शिक्षा गेलेली नाही. पूर्वी गल्लीतला दाढीवाला घाबरवायचा, आता ते काम थेट राजवट करते, आणि तिला तुझे केस दिसले काय नि न दिसले काय, फरक पडत नाही. तू फोनवर काय लिहितेस त्याने पडतो. सरकारवर केलेल्या पोस्टपायी तिथल्या नागरिकांना दशकांच्या कैदा झाल्या आहेत. हे सगळं मी तिथे असताना लिहिलं नसतं. आता बर्मिंगहॅममध्ये आहे, तरी वरचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

ही कडक शिस्तही काही पहिल्यापासून अशीच नव्हती. १९७९ च्या नोव्हेंबरात जुहैमान नावाच्या माणसाच्या टोळीने मक्केची मशीद ताब्यात घेतली. राजाला मशिदीत शस्त्र चालवायला उलेमांचा, म्हणजे धर्मपंडितांचा, फतवा लागला. दोन आठवड्यांनी मशीद सुटली, जानेवारी १९८० मध्ये ६३ जणांची डोकी वेगवेगळ्या शहरांत सर्वांदेखत उडवली, आणि त्यानंतर उलेमांना हवी तेवढी ढील मिळाली. बंडखोर मेले, त्यांना हवं होतं ते बरंचसं राबवलं गेलं. सांगायचं कारण, सैल करणं आणि आवळणं दोन्ही वरून हुकमाने झालं. मधल्या माणसाला कुणी विचारलं नाही.

मार्च २००२ चं मक्केतल्या मुलींच्या शाळेच्या आगीचं तू लहान असशील म्हणून ऐकलं नसशील. पंधरा मुली गेल्या. डोकं झाकलेलं नव्हतं म्हणून मुतव्व्यांनी बाहेर पडू दिलं नाही, असं तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनीच छापलं, सरकारने नाकारलं. त्यानंतर मुलींचं शिक्षण धार्मिक खात्याकडून काढून शिक्षण मंत्रालयाकडे दिलं. मी गेले तेव्हा त्याला तीन वर्षं झाली होती आणि माझी लेक चारची.

तुझ्या देवांचं. घरात छोटी तसबीर, छोटी मूर्ती ठेव, दार लावून पूजा कर, कुणी येत नाही. सामानात मोठी मूर्ती, पोथ्यांचा गठ्ठा नेऊ नकोस. सार्वजनिक काही नाही. दुबईत, मस्कतला, बहरीनला देवळं आहेत, सौदीत एकही नाही, चर्चही नाही. कंपाऊंडच्या बंद दाराआड गणपतीची आरती मी ऐकलीय, टाळ्या न वाजवता म्हटलेली. मक्केत तुला जाता येणार नाही, जेद्दाहून ताइफला जाताना वळसा घेणारा रस्ता आहे. दहनाची सोय नाही, ते हवं तर देह घरी पाठवावा लागतो. हेही विचारून ठेव, लाजू नकोस. अपघाती मृत्यूच्या भरपाईचा हिशेब आमच्या काळात असा होता की मुसलमान बाईची रक्कम मुसलमान पुरुषाच्या निम्मी, आणि हिंदू पुरुषाची त्याहूनही कितीतरी कमी. म्हणजे कागदावर तू कुठे आहेस ते कळलं.

तरी एका बाबतीत तुला सूट आहे, मला नव्हती. तू मुळातच चुकीच्या धर्माची, त्यामुळे तू धर्म चुकीचा पाळतेस की काय हे कुणी बघत नाही. आम्हाला बघतात. आम्ही कोकणी मुसलमान, सुन्नींतल्या शाफई परंपरेचे, दर्गे-उरूस मानणारे. अम्मी उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, आली तेव्हा मदिनेला मशिदीत तिने खांबाला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. आयुष्यभर जसं करत आली तसंच. काळ्या कपड्यातली पहारेकरीण धावत आली, तिचा हात धरून खाली केला, "हाज्जा, हराम, हराम." अम्मीला वाटलं आपण काही तरी चोरलं असा समज झालाय. तिने पर्स उघडून दाखवली. मदिनेच्या बकी कब्रस्तानातल्या कबरींवरचे घुमट १९२५-२६ च्या सुमारास पाडून टाकले, हे तिला माहीत होतं. आपलाही हात खाली केला जाईल हे माहीत नव्हतं.

आणि आपल्याकडे मुंबईत माहीमला मखदूम बाबांच्या दर्ग्याच्या मेळ्यात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. गणवेशातला अधिकारी डोक्यावर चादर घेऊन जातो. मी लहानपणी ते बघून मोठी झालेय. एकीकडे पोलीस चादर वाहतो, दुसरीकडे तोच प्रकार करणाऱ्याला पोलीस हटकतो. दोन्ही एकाच दीनच्या, धर्माच्या, नावाने. माझ्या लेकीला यातलं कुठलं खरं म्हणून सांगायचं?

शाळेचं सांगते, कारण तुझा मुलगा सातचा आहे. शाळा भारतीय, सीबीएसई, मुलगे-मुली वेगळे. लेक पाचवीत असताना 'माझं गाव' म्हणून चित्र काढायचं होतं. तिने उरूस काढला: हिरवी चादर, ढोल, जिलबीवाला, दादीचा हात धरलेली ती स्वतः. चित्र फळ्यावर लागलं आणि दुपारी काढून टाकलं. मला बोलावणं आलं. बाई आपल्याच, हैदराबादच्या, स्वतः घरी गेलेल्यांच्या नावाने फातिहा देणाऱ्या. म्हणाल्या, "मॅडम, इन्स्पेक्शन असतं, समजून घ्या." मी समजून घेतलं. त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, माझ्या नवऱ्याचा इकामा, सगळे एकाच दोरीला बांधलेले. पण मुलीला कुणी इन्स्पेक्शन सांगितलं नाही. तिला वर्गात सांगितलं की तू जे काढलंस तो शिर्क आहे, अल्लाहला सोडून दुसऱ्याला मानणं आहे, याच्याएवढं मोठं पाप नाही.

मोठी माणसं असं ऐकून बाहेर एक, घरात एक वागायला शिकतात. मूल तसं करत नाही. त्या मे महिन्यात खेडला गेलो तेव्हा तिने दादीच्या हातचा फातिह्याचा मलिदा खायला नकार दिला. दादी हसली. पुढच्या वर्षी हसली नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा लेक पुण्यात इंजिनिअरिंगला होती. जनाज्याला आली, चाळिसाव्याला आली नाही, "हे नंतरचं सगळं लोकांनी घुसडलेलं आहे, मम्मी" म्हणाली. कदाचित तिचं बरोबर असेल. ग्रंथ तिने माझ्यापेक्षा जास्त वाचलेत. पण तिने ते स्वतः ठरवलं की त्या दुपारी फळ्यावरून चित्र काढलं तेव्हाच ठरून गेलं, हे मला कळत नाही, आणि तिला विचारलं तर ती चिडते. मुतव्व्यांचे अधिकार सरकारने २०१६ मध्ये काढले, पण माझ्या घरातला अजून आहे.

आता एक गोष्ट जी मी नात्यात कुणाला सांगत नाही. पहिली काही वर्षं मला तिथे सुटल्यासारखं वाटलं होतं. अबाया घातला की मी कुणाची सून, कुणाची मुलगी, काही नाही. खेडच्या मोहल्ल्यात मी बाहेर कुठल्या बाजूला वळले हे संध्याकाळपर्यंत घरी पोचायचं. आपल्याकडे जमातीने, गावकीने वाळीत टाकणं एवढं मुरलेलं की महाराष्ट्राला २०१६ मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. तुझ्याही गावकीत काय चालतं तुला ठाऊक असेल. रियाधचा मुतव्वा निदान अनोळखी होता. तो ओरडून निघून जायचा, पुढच्या लग्नात भेटायचा नाही. रात्री एक वाजता बाजारातून यायला भीती वाटली नाही कधी. हे बोललं की इकडच्या मैत्रिणी म्हणतात तू त्यांची बाजू घेतेस. घेत नाही. बरं वाटलं होतं, एवढंच.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नर्सेसच्या क्वार्टरमध्ये मल्याळी मुली असतात, त्यांच्याशी जमवून घे, मासे करतात.

सासूबाईंना सांग की तुझ्यासारखीला खरा धोका बॅगेतून येतो. खसखस नेऊ नकोस, तिथे बंदी आहे. आई अनारसे देईल, खसखस लावलेले, नको म्हण. झोपेच्या, दुखण्याच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनशिवाय नाहीत, आणि कोणत्या चालतात ते आधी बघून घे. नर्स आहेस, तुला नावं कळतात. विमानतळावर कुणी ओळखीच्याने "एवढी पिशवी दे, भाऊ घ्यायला येईल" म्हटलं तर सख्खा मामा असला तरी नाही. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात परदेशी माणसाचीही मान जाते तिथे. रमजानमध्ये दिवसा बाहेर पाणीसुद्धा पिऊ नकोस, ड्युटीवर आत खोली असते.

नवरा-मुलगा नंतर आणायचा म्हणतेस, तर खासगी नोकरीत प्रत्येक आश्रितामागे सरकारी शुल्क भरावं लागतं. २०१७ ला महिना १०० रियालने सुरू झालं, २०२० पर्यंत ४०० वर गेलं. दोघांचे ८००, आणि आमच्या वेळी ते वर्षाचे एकदम भरावे लागत, इकामा नूतनीकरणाच्या वेळी. किती तरी मराठी घरं त्यापायी बायको-मुलांना गावी पाठवून मोकळी झाली. ते इस्पितळ भरणार की तू, हे करारात लिहून घे, तोंडी नको. आणि पगार किती देतायत ते तू लिहिलंच नाहीस. तो कळव, मग मुलाला न्यायचा की चिपळूणलाच ठेवायचा ते बोलू.