वाचकांचे प्रश्न : थंडी पडली की तलावाला वास का येतो?

प्रश्न : थंड देशांत तलावाचं पाणी वर्षातून दोनदा वरखाली होतं, असं वाचलं. मुंबईत बर्फ पडत नाही. मग आमच्या जवळच्या तलावाला डिसेंबरात सडक्या अंड्यांसारखा वास का येतो? हे स्वतः तपासता येईल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं. बर्फाच्या प्रदेशात वरचं पाणी वसंतात आणि शरदात हा टप्पा ओलांडतं, म्हणून तिथे ते दोनदा ढवळतं. आपल्याकडे पाणी 4 अंशांच्या जवळपासही जात नाही. पुरेशा खोल तलावात उन्हाळ्यात वर कोमट, हलकं आणि खाली गार, जड पाणी असे थर बसतात आणि हिवाळ्यात मोडतात.

शिवाय कोमट पाण्यात तापमानाचा थोडासा फरकही थर टिकायला पुरतो. 5 अंशांवरून 10 वर गेल्यास घनमीटरमागे पाणी जेमतेम पाव किलोने हलकं होतं, तर 25 वरून 30 वर गेल्यास सुमारे 1.4 किलोने. म्हणून दोन अंशांचा फरकही इथे थर वेगळे ठेवतो. तळाचा प्राणवायू गाळातले जिवाणू संपवतात आणि सडक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. थंडीच्या कोरड्या रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, तळाचं वर येतं. तोच तो वास. हे एकदम घडलं तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. पहिल्या जोरदार पावसानंतरही असं होऊ शकतं.

तपासण्यासाठी अर्धा लिटरची काचेची बाटली घ्या. तिला किमान 1 किलोचा दगड बांधा, नाहीतर आतल्या हवेमुळे ती बुडणार नाही. बुचाला वेगळी दोरी लावा. मुख्य दोरीवर दर अर्ध्या मीटरला गाठ मारा. हव्या खोलीवर बूच ओढा, बुडबुडे थांबल्यावर दोन मिनिटं थांबा, बाटली वर काढून लगेच सावलीत तापमान बघा. सकाळी सातची नोंद खरी माना; दुपारी वरचा पातळ थर तापून फसवतो. वर-खाली अर्ध्या अंशाहून कमी फरक असेल तर थर मोडले आहेत. प्राणवायू मात्र या बाटलीतून मोजू नका, भरताना त्यात हवा मिसळते.

नोंदी काठावरून नकोत, तिथे खोलीच नसते. परवानगी घेऊन होडीतूनच घ्या. पवई-विहारला मगरी आहेत, पाण्यात उतरू नका.

आणि एक कळकळीची विनंती : सोसायटीच्या तळ्यात हवा सोडणारा पंप बसवणार असाल तर तो थर बसण्याआधी, फेब्रुवारीपासून सलग चालवा. वास सुटल्यावर तळाशी लावलात तर सगळं कुजकं पाणी एका रात्रीत वर येईल आणि मासे मरतील.