ऋतू बदलतो तसं जुनं सोडून देणं मला का जमत नाही?

'झाडाकडून शिका' असं सगळेच सांगतात, पण झाड नेमकं काय करतं ते कुणी सांगत नाही. पान वाऱ्याने तुटतं असं वाटतं. खरं तर तयारी काही आठवडे आधीच सुरू होते. दिवस लहान व्हायला लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडतं, नायट्रोजन-फॉस्फरसचा बराचसा भाग फांदीत परत ओढून घेतं. देठाच्या बुडाशी पेशींचा पातळ थर तयार होतो आणि पान तिथूनच सुटतं.

म्हणजे आधी काढून घेणं, मग सोडणं. तुम्ही बहुधा एका दिवसात सगळं झटकायला बघताय. जुनी नोकरी असो की तुटलेली मैत्री, त्यातून काय मिळालं ते आधी कागदावर उतरवा. घाई नको.

शिवाय हातातली वस्तू आपल्याला जास्तच मोलाची वाटते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांच्या १९९० सालच्या प्रयोगात कॉफीचा साधा मग मिळालेले लोक तो विकायला खरेदीदारांच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते! मग इतक्या वर्षांच्या सवयीचं काय?

आणि हो, ओक आणि बीच या जातींची काही झाडं वाळलेली पानं वसंतापर्यंत धरूनच ठेवतात.