वाचकांचे प्रश्न : मुरूम लागेपर्यंत खणावे लागते

प्रश्न : सप्रेम सलाम. पवित्र शास्त्र (बायबल) पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे असे तीनदा ठरवले. प्रत्येक वेळी लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत आलो आणि अडकलो. माझ्या विश्वासाचा पायाच कच्चा आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : भाऊ, पाया कच्चा नाही, सुरुवातीची जागा चुकली. उत्पत्तीचे ५० अध्याय आणि निर्गमाचे पहिले २० बहुतेक कथेच्या ओघात वाचून होतात. पुढे निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे येतात, मग लेवीयातले अर्पणांचे नियम. ख्रिस्ताची ओळख होण्याआधी ते वाचले की हे सारे कशासाठी, हेच कळत नाही. ती अर्पणे ख्रिस्ताशी जोडून दाखवणारे, नव्या करारातले (बायबलच्या दुसऱ्या भागातले) इब्री लोकांस पत्र वाचून मग लेवीय उघडा. तेच नियम बोलू लागतील.

सुरुवात मार्कपासून करा. अवघे १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकांत, सर्वांत लहान. एखाद्या रविवारी दुपारी मोठ्याने सलग वाचून काढा. दीड-दोन तास लागतील. नंतर पुन्हा, पण रोज एकच अध्याय. वहीत दोन ओळी लिहा: येशूने इथे काय केले किंवा सांगितले, आणि त्यातले आज मला काय करायचे आहे. दुसरी ओळ कोरी राहू देऊ नका. मार्कनंतर मत्तय ५ ते ७, मग प्रेषितांची कृत्ये, आणि त्यानंतर उत्पत्ती.

नव्या करारात एकूण २६० अध्याय आहेत. सोमवार ते शुक्रवार रोज एक वाचला तर बरोबर ५२ आठवड्यांत पूर्ण होतो. शनिवार राहिलेल्यासाठी ठेवा. शनिवारीही भरून निघाले नाही, तर ते सोडून द्या आणि सोमवारी पुढे चला. बाकी साठवत गेले की पंधराव्या दिवशी वाचनच बंद पडते, हा नेहमीचा घोळ आहे.

जुन्या भाषांतराची मराठी जड वाटत असेल, तर सोप्या भाषेतली आवृत्ती शेजारी ठेवा. डोळे मिटून कुठलेही पान उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजचे म्हणायचे, हे मात्र टाळा. वचन आपल्या जागेवरून तुटले की त्यातून हवा तो अर्थ काढता येतो. निदान आधीची दहा आणि नंतरची दहा वचने वाचा.

प्रश्न : मी संमेलनांना आणि घरोघरच्या प्रार्थनेला नियमित जाते. तिथे मन भरून येते, पण बुधवारपर्यंत सगळे ओसरते. घरात जाऊबाईंशी चार महिने अबोला आहे. विश्वास घट्ट कसा करावा? (एक वाचक भगिनी, संगमनेर)

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. मत्तय ७ च्या शेवटी दोन घरबांधणाऱ्यांचा दाखला येतो. दोघांनीही प्रभूचे शब्द ऐकलेले आहेत. खडकावरचा ऐकून तसे करतो, वाळूवरचा ऐकून थांबतो, एवढाच फरक. म्हणजे ऐकताना मन भरून येणे हा पाया नव्हे. गालीलात पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. उन्हाळ्यात कोरड्या ओढ्याकाठची सपाट वाळू बांधायला सोयीची दिसते, आणि तेव्हा दोन्ही घरे सारखीच उभी असतात.

लूक ६ मध्ये हाच दाखला सांगताना एक तपशील जास्त आहे: त्या माणसाने खोल खणले. काळ्या मातीत घर बांधलेल्यांना हे सांगावे लागत नाही. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वर ठेवलेली भिंत तडकते, म्हणून गवंडी मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणतात. तुमची काळी माती म्हणजे तो अबोला. वेदीपाशी अर्पण आणले आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे मत्तय ५:२३-२४ सांगते. आधी समेट, मग अर्पण.

तेव्हा या आठवड्यात नवे काही वाचू नका. हीच दोन वचने रोज वाचा आणि शनिवारच्या आत जाऊबाईंशी बोला. स्वतःची एक नेमकी चूक सांगा: ‘त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी तसे बोलायला नको होते.’ त्यापुढे ‘पण तुम्हीसुद्धा’ जोडू नका. त्या ‘पण’ने माफी विरघळते. मत्तय ७ मधले कुसळ आणि मुसळ आपल्या म्हणीतही आहेच. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही तरी तुमचे करणे झाले. मात्र भांडणामागे मारहाण किंवा धमकी असेल, तर एकटीने जाऊ नका. क्षमा करणे म्हणजे स्वतःला धोक्यात घालणे नव्हे. पाळक आणि मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईंना आधी सांगा.

पुढच्या आठवड्यात मत्तय ५ ते ७ मधली दुसरी एक आज्ञा घ्या: होय ते होय, नाही ते नाही, किंवा उजव्या हाताचे डाव्याला कळू न देता केलेले दान. एका वेळी एकच.

प्रश्न : मुलाचे दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) जवळ आले आहे. काय पाठ करून घ्यावे? (एक पालक, वसई)

उत्तर : प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे मंडळीत म्हटली जाणारी विश्वासाची कबुली. रोज एक ओळ आणि तिचा अर्थ पुरे. पंतय पिलाताचे नाव विश्वासांगीकारात का, असे त्याला विचारा. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदीयाचा रोमी सुभेदार होता, आणि त्यानेच येशूला क्रूसाची शिक्षा दिली. त्याच्या नावाचा शिलालेख १९६१ मध्ये कैसरियात सापडला. ख्रिस्ताचे दुःखसहन ठरावीक जागी, ठरावीक काळी घडले, हे त्या एका नावाने सांगितले जाते. मुलांना हे आवडते आणि लक्षात राहते.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी यजमान गेले. प्रार्थनेला बसते, पण शब्द येत नाहीत. विश्वास गेला का? (एक वाचक भगिनी, नागपूर)

उत्तर : नाही, ताई. स्तोत्र १३ उघडा. सहाच वचने आहेत, आणि सुरुवातीलाच देवाला चार वेळा ‘कोठवर’ विचारले आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, तरी ते उपासनेच्या स्तोत्रांत जपले गेले. तुमचे शब्द नसतील तेव्हा यांपैकी एक मोठ्याने वाचा. तीच तुमची प्रार्थना. मार्क ९:२४ मधला बाप विश्वास आणि अविश्वास एकाच दमात बोलतो, आणि येशू त्याच्या मुलाला बरे करतो.

मंडळीत जाणे सोडू नका, गाता आले नाही तरी चालेल. योहान २० मध्ये पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना पहिल्या वेळी भेटला, तेव्हा थोमा हा शिष्य त्यांच्याबरोबर नव्हता. आठ दिवसांनी, शंका मनात असतानाच, तो त्यांच्यात बसला होता आणि तिथेच प्रभू त्याला भेटला. एका मैत्रिणीला सांगा: माझ्यासाठी तू प्रार्थना कर, मी फक्त आमेन म्हणेन. आणि झोप, जेवण सुटले असेल तर डॉक्टरांकडेही जा. त्याने विश्वासाला उणेपणा येत नाही.