आधी छेद लिही

बेटा,

तुझं पत्र परवा मिळालं, दोनदा वाचलं. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या क्लेमची, म्हणजे दवाखान्यांनी उपचारांसाठी मागितलेल्या पैशांची, तीन वर्षांची माहिती हातात आहे, दर क्लेममागचा खर्च काढून झालाय आणि सातपुड्यातला एक तालुका तक्त्यात सगळ्यांत स्वस्त निघालाय. मार्गदर्शक म्हणतात, ‘कमी खर्चात उपचार’ असं शीर्षक देऊन पेपर पाठवून टाक. तुझं मन मात्र तयार होत नाही, आणि का ते सांगताही येत नाही. शेवटी विचारलंयस, सर, कोणतं मॉडेल लावू?

मॉडेलचं नंतर बघू. छेद कुठंय?

वर अंश, खाली छेद, हे तू शाळेत शिकलीस. तुझ्या तक्त्यात वर रुपये आहेत आणि खाली क्लेम. दवाखान्यात जे भरती झाले तेवढेच तू मोजलेस. जो पोचलाच नाही, तो वर नाही आणि खालीही नाही. त्या तालुक्यात माणसं किती, रेशनकार्डं किती, हे तक्त्यात कुठेच नाही. मग स्वस्त कशाला म्हणतेस?

दुसरं असं की, पॅकेजच्या योजनेत दर आधीच ठरलेला असतो. एकच शस्त्रक्रिया एका दवाखान्यानं स्वस्तात केली, दुसऱ्यानं महागात केली, हे क्लेमच्या रकमेत फारसं दिसत नाही. सरासरी हलते ती कोणती पॅकेजं जास्त लागली त्यावर. एखाद्या तालुक्यातून हृदयाचे, किडनीचे रुग्ण आलेच नाहीत, तर त्याची सरासरी आपोआप खाली येते. तिथे कुणाचं हृदय बिघडत नाही असं नाही. हे तुला कळलंय, म्हणूनच तुझं मन अडलंय. त्या अडण्यावर विश्वास ठेव.

आता माझं सांगतो. २ जुलै २०१२ ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपलं धुळं होतं. त्या काळात मी एका संस्थेसाठी अहवाल लिहीत होतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात साक्रीकडची एक बाई भेटली. पिवळं रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. नवऱ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी विचारलं, पैसे किती लागले? ती म्हणाली, “दवाखानाम्हा पैसा नही लागना भाऊ, दवाखानालगून जावाले लागना.” जीपचं भाडं, आधी दोन खासगी डॉक्टरांना दिलेले, सोबतच्या दिराची बुडालेली मजुरी. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. आणि अहवालात घेतलं नाही.

अहवालात मी लिहिलं, ‘दुर्गम भागात दर रुग्णामागे खर्च कमी.’ आकडा बरोबर होता, बेरीज आजही तपास. मुदत तीन आठवड्यांची होती, तक्त्याचा नमुना वरून ठरून आला होता, त्यात लोकसंख्येचा रकाना नव्हता. पण तो रकाना हातानं आखायला मला कुणी अडवलं नव्हतं. पुढच्या बैठकीत माझंच वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं, आणि तिकडे आणखी एक दवाखाना जोडून घ्यायचा विषय बाजूला पडला. मी समोरच बसलो होतो. बोललो नाही.

त्यानंतर छेद नसलेल्या एकाही तक्त्यावर मी सही केली नाही. दोन कामं गेली, लोक हट्टी म्हणाले. म्हणू देत. एकदा गप्प बसून मी काय केलं ते मला माहीत आहे.

हे माझंच वेड आहे असं समजू नकोस. अमेरिकेत रँड या संशोधन केंद्रानं १९७४ ते १९८२ या काळात आरोग्यविम्याचा मोठा प्रयोग केला. त्यात सिएटलमध्ये काही कुटुंबांना ठरावीक रकमेत सगळे उपचार देणाऱ्या संस्थेत घातलं, आणि कुणी कुठे जायचं ते सोडत काढून ठरवलं. बाहेरच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांपेक्षा या संस्थेतल्यांची दवाखान्यातली भरती सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाली. तिथेच थांबले असते तर शीर्षक तुझ्या मार्गदर्शकांना आवडलं असतं. पण नाव घातलेला प्रत्येक माणूस त्यांच्या छेदात होता, दवाखान्यात आलेला आणि न आलेलाही. म्हणून पुढे कळलं की जे गरीब होते आणि मुळात आजारी होते, त्यांची तब्येत तिथे जास्त खालावली. बाकीच्यांचं फारसं बिघडलं नाही, त्यामुळे नुसत्या सरासरीत हे बुडून गेलं असतं. जॉन वेनबर्ग या संशोधक डॉक्टरांनी १९७३ मध्ये अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात दाखवलं की शेजारशेजारच्या भागांत टॉन्सिल काढण्याचं प्रमाण कितीतरी वेगळं आहे. तेही दिसलं ते शस्त्रक्रियांना लोकसंख्येनं भागलं म्हणून.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. नंदुरबार, नवापूरचा माणूस धुळ्याला येईलच असं नाही. रेल्वेत बसला की सुरत. तिथे पदरचे पैसे भरून उपचार घेतले, तर तुझ्या फाइलीत तो माणूस नाहीच. त्याला ‘आजारी पडला नाही’ असं धरू नकोस. आणि पुन्हा भरती झालेला रुग्ण नवा क्लेम नंबर घेऊन येतो, दुसऱ्या दवाखान्यात गेला तर तो दुसराच माणूस वाटतो. नंबरावर जाऊ नकोस, कार्ड आणि त्यावरचं नाव जुळवून जोड. नाहीतर बिघडलेलं ऑपरेशन तुला दोन यशस्वी ऑपरेशनं म्हणून दिसेल.

मार्गदर्शकांशी भांडू नकोस, पण शीर्षकाला हो म्हणू नकोस. पेपर सहा महिने लांबेल, लांबू दे. ‘पण सर, शिष्यवृत्तीची मुदत’ असं लिहिलंयस. मुदत मलाही होती बेटा, वर वाचलंस ना?

रविवारी जळगावला ये. तुझी काकू वांग्याचं भरीत करणार आहे. येताना प्रत्येक तालुक्याची लोकसंख्या आणि पिवळ्या-केशरी कार्डांची संख्या एका कागदावर हातानं लिहून आण. लॅपटॉप नाही आणलास तरी चालेल.

तुझा,
सर