पायावरचा पांढरा पट्टा

प्रश्न: माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या मांडीच्या मागे बारीक बारीक पुटकुळ्या आल्या आणि बघता बघता पोटरीपर्यंत सरळ पट्टाच झाला, आता तो पांढरट दिसतोय. खाज नाही, ताप नाही, मस्त खेळतेय. सासूबाई म्हणतात नागीण आहे, उतरवून आणा, शेजारच्या काकू म्हणतात कोड. मेडिकलमधून एक ट्यूब आणून आठ दिवस लावली, काहीच फरक नाही. काय करू?

उत्तर: ताई, आधी ती ट्यूब थांबवा. विचारून न घेतलेल्या अशा ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्ट्रॉंग स्टेरॉइड असतं, त्याने लहान मुलांची कातडी पातळ होते आणि वर आणखी पांढरी पडते, म्हणजे घाबरायला अजून एक कारण.

नागीण असती तर पाणी भरलेले फोड, आग, ठणका असं काहीतरी असतं आणि दोन-तीन आठवड्यांत खपल्या पडून मोकळं होतं, दोन महिने गुपचूप बसत नाही. कोडात आधी पुटकुळ्या येत नाहीत, सपाट आणि दुधासारखा पांढरा डाग पडतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे लायकेन स्ट्रायेटस, म्हणजे मुलांच्या अंगावर रेषेत येणारं पुरळ वाटतं, नाव भारी आहे पण दुखणं गरीब. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे भावंडांचे टॉवेल वेगळे करत बसू नका.

सरळ रेषेतच का, तर पोटात बाळ वाढताना कातडीच्या पेशी ठरावीक वाटांनी पसरत जातात, त्या वाटा आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतात फक्त दिसत नाहीत. ब्लाश्को नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1901 मध्ये त्यांचा नकाशा काढला, म्हणून त्यांना ब्लाश्को रेषा म्हणतात, आणि हे पुरळ बरोबर त्याच वाटेने उतरतं.

बहुतेक मुलांत सहा महिने ते वर्षभरात आपोआप जातं, कधी जास्तही लागतं. पुटकुळ्या बसल्यावर पांढरी रेघ मागे राहते, आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर ती जरा उठूनच दिसते, हळूहळू भरून येते. तोवर साधं मॉइश्चरायझर पुरे, आणि दर महिन्याला एक फोटो काढून ठेवा, रोज बघून फरक कळत नाही.

तरी एकदा स्किनच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवाच, कारण रेषेत येणारे दुसरेही काही आजार आहेत. खूप खाज सुटली, पट्टा जाड खरखरीत झाला तर लगेच जा. पट्टा बोटापर्यंत गेला तर नख चिरतं, खडबडीत होतं, तेही बहुतेक वेळा आपोआप सुधारतं.

सासूबाईंना सांगा, उतरवायला नेलं नाही तरी ते बहुतेक आपोआपच जाणार आहे, आणि नेलं तर श्रेय मात्र मांत्रिक घेईल.