कृत्रिम एजंट (म्हणजे सेन्सरने पाहून स्वतः हालचाल करणारा रोबो किंवा प्रोग्राम) खरंच शिकतोय, हे एन्ट्रॉपी आणि ग्राफच्या (जोडण्यांच्या जाळ्याच्या) मापांवरून कसं ओळखायचं?

नुसती एन्ट्रॉपी पाहू नका. गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ मध्ये मांडलेली एन्ट्रॉपी अनिश्चितता मोजते. उगाच भटकणाऱ्या एजंटचीही ती भरपूर येते. सेन्सर आणि मोटर यांच्यातली परस्पर-माहिती, म्हणजे एकाकडे पाहून दुसऱ्याबद्दल किती कळतं, ते काढा: भिंत दिसणं आणि चाक वळणं यांचा किती संबंध आहे, हे त्यातून बिटमध्ये (माहितीच्या एककात) कळतं.

ग्राफचं म्हणाल तर दादर आठवा. पश्चिम आणि मध्य रेल्वे तिथे भेटतात. तिथला पूल बंद झाला की वांद्र्याहून ठाण्याला निघालेल्याची पंचाईत. अशा नोडची (जाळ्यातल्या बिंदूची) मध्यस्थता जास्त, म्हणजे इतरांमधले बरेच रस्ते त्याच्यातूनच जातात. शिकता शिकता एजंटच्या नेटवर्कमध्ये असं दादर तयार होतं का, हे बघणं मला फार आवडतं. पण जोडणी आहे म्हणजे माहिती वाहतेच असं नाही. रात्री अडीचला रूळ असतात, लोकल नसते. प्रवाहाची दिशा हवी असेल तर थॉमस श्रायबरची ट्रान्सफर एन्ट्रॉपी (२०००) वापरा: एकाच्या आधीच्या स्थितीवरून दुसऱ्याच्या पुढच्या स्थितीबद्दल जास्तीचं किती कळतं, ते ती मोजते.